लाल गोंड्यांचं गाव

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टचं कुठलंही पोस्टकार्ड घ्या. त्यावर एक तरुण मुलगी असते, आणि तिच्या डोक्यावर मोसंबीएवढाल्या लाल लोकरी गोंड्यांनी मढवलेली टोपी. मागे कपाळापर्यंत छप्पर ओढून बसलेलं लाकडी घर. कोपऱ्यात कुकू घड्याळ. जागा उरलीच तर चेरी लावलेल्या केकचा तुकडा.

हा डोंगराळ मुलूख उत्तर-दक्षिण सुमारे 160 किलोमीटर लांब आहे. पण ही टोपी त्यातल्या फक्त तीन गावांची: गूटाख, किर्नबाख आणि राइखेनबाख. तिन्ही एकमेकांच्या शेजारची, एका दिवसात पायी फिरून होतील अशी. वरळी कोळीवाड्यातली लुगड्याची नेस पार गडचिरोलीपर्यंत सगळ्या महाराष्ट्राची खूण ठरावी, तसा हा प्रकार. या तीन गावांची टोपी अख्ख्या मुलखाच्या डोक्यावर चढवली कोणी, हा प्रश्न मला जाण्याआधी पडलाच नव्हता. तो तिथे तिसऱ्या दिवशी पडला, आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी मी जे जे बघितलं त्याला चिकटून राहिला.

माझी भाची स्टुटगार्टला नोकरी करते. मुंबई आणि स्टुटगार्ट ही 1968 पासूनची भगिनी-शहरं. हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही तिथल्याच एका पाटीवर कळलं. गौरी-गणपती आटोपून मी गेले. “मावशी, तुला राजवाडे दाखवू की गाव?” असं तिने फोनवर विचारलं होतं. राजवाडे बघून पाय दुखतात आणि लक्षात काही राहत नाही, हा आजवरचा अनुभव. गाव म्हटलं.

गूटाख दोन-सव्वादोन हजार वस्तीचं. गावातून वाहणाऱ्या नदीचं नावही गूटाखच. मधे नदी, तिच्या कडेने रस्ता आणि रूळ, दोन्ही बाजूंना हिरवी उतरती कुरणं, आणि कुरणं संपतात तिथून काळं रान सुरू. आम्ही उतरलो ते एका शेतकऱ्याच्या घरी. गोठ्याच्या वर बांधलेल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, ही इथली जुनी रीत. घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी आल्या आल्या एक फॉर्म भरून घेतला, माणशी दर रात्रीचा थोडा पाहुणा-कर लावला आणि त्या बदल्यात एक कार्ड हातात दिलं. हे कोनुस कार्ड दाखवलं की ब्लॅक फॉरेस्टमधल्या बस आणि साध्या रेल्वेगाड्या मुक्काम असेपर्यंत फुकट. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या तेवढ्या चालत नाहीत. पाहुण्याकडून कर घ्यायचा आणि त्याच करातून त्याला गाडी सोडून फिरायला लावायचं, हा हिशेब मला फार आवडला. महाबळेश्वरच्या वेशीवरची पावती आठवली. ती फाडून झाली की पुढे तिचं काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुकानं बंद असतात हे भाचीला पाठ, तरी दूध आणायचं ती विसरलीच. मी चहाशिवाय पाच मिनिटं तोंड पाडून बसले, तेवढ्यात खालून मालकीणबाईंनीच कपभर दूध पाठवलं. धारोष्ण म्हणतात तसलं. सायीचा तवंग बघूनच बरं वाटलं.

*

गावात पाहण्याची म्हणून जी एक मोठी गोष्ट आहे तिचं नाव फोग्ट्सबाउअर्नहोफ. नाव ऐकून भाचीनेसुद्धा दोनदा अडखळून घेतलं. पण फोडून पाहिलं तर अगदी घरचं आहे: ‘फोग्ट’ म्हणजे गावचा कारभारी, वसूल आणि न्यायनिवाडा पाहणारा; ‘बाउअर्नहोफ’ म्हणजे शेतकऱ्याचं घर-आवार. थोडक्यात, पाटलाचा वाडा.

वाडा 1612 सालचा. विसाव्या शतकात अशी घरं पडायला लागली. शेती परवडेना, आणि गवती छपरं शाकारायला माणसं मिळेनात. तेव्हा हेर्मान शिली या वास्तुतज्ज्ञाच्या खटपटीतून 1964 साली इथे उघड्यावरचं संग्रहालय उभं राहिलं. पाटलाचा वाडा मूळ जागेवरच आहे. बाकीची घरं ब्लॅक फॉरेस्टच्या निरनिराळ्या खोऱ्यांतून तुळई-तुळई सुटी करून आणली आणि इथे पुन्हा जुळवली. त्यातलं एक 1599 चं, एक 1608 चं. घर उचलून आणायचं म्हणजे काय, ते तुळयांवर कोरलेल्या खुणा बघून समजतं. सुतारांनी कुठलं लाकूड कुठे बसायचं हे चारशे वर्षांपूर्वीच लाकडावर लिहून ठेवलेलं.

आत शिरलं की आधी कळतो तो वास. धुराचा, पण आपल्या चुलीचा नव्हे. त्यात राळेचा कडवटपणा असतो. या घरांना धुराडं नव्हतं. स्वयंपाकघरातला धूर वर मातीने लिंपलेल्या घुमटीला धडकायचा, तिथे ठिणग्या विझायच्या, आणि धूर सबंध माळ्यातून फिरत छपराच्या गवतातून बाहेर पडायचा. वाटेत तो तीन कामं करायचा. टांगलेलं डुकराचं मांस टिकवायचा (आज जगभर विकलं जाणारं ब्लॅक फॉरेस्टचं हॅम हे त्याच धुराचं लेकरू), माळ्यावरचं धान्य आणि गवत कोरडं ठेवायचा, आणि तुळयांना कीड लागू द्यायचा नाही. तुळया डांबर फासल्यासारख्या काळ्या, हात लावला तर गुळगुळीत. स्वयंपाक करणारीचे डोळे मात्र यात कुणी हिशेबात धरलेले दिसत नाहीत. घुमटीखाली मी जेमतेम दहा मिनिटं उभी राहिले असेन. बाहेर आले तेव्हा भाचीने विचारलं, “रडलीस का गं?”

घर एकच, छप्पर एकच, आणि त्याखाली सगळा संसार. पुढच्या, दरीकडच्या अंगाला माणसं, मागे गोठा, वर गवताचा माळा. डोंगराच्या उताराचा फायदा असा घेतलाय की मागच्या चढावरून गाडी थेट छपराच्या पोटात शिरते. गवताने भरलेली गाडी वरच्या मजल्यावर रिकामी करायची आणि वरून गोठ्यात गवत ढकलायचं. उचलायचं काहीच नाही. हिवाळ्यात गुरांची ऊब भिंतीतून माणसांना मिळायची. सहा महिने दारापुढे बर्फ असणार हे धरून केलेलं बांधकाम.

पण मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ते मोठ्या घरांपाशी नाही. वाड्याच्या शेजारी एक टुमदार, धाकटं घर आहे, 1652 चं. ते म्हाताऱ्यांचं घर. या खोऱ्यांत जमीन वाटायची नाही असा दंडक होता. सगळी जमीन एका वारसाकडे, आणि तोही बहुतेक ठिकाणी थोरला नव्हे, सगळ्यात धाकटा मुलगा; म्हणजे बापाला जास्त वर्षं कारभार करता यावा. मुलाचं लग्न झालं की बापाने वाडा त्याच्या हाती द्यायचा आणि आईबापांनी या धाकट्या घरात जायचं. तोंडी नव्हे, कागद करून. रोजचं दूध किती, वर्षाला धान्य किती, जळण किती, फळझाडं कोणती, हे त्या करारात लिहिलेलं असायचं. सून सरळ वागेल की नाही या विवंचनेत झोप घालवण्यापेक्षा दुधाचं माप लिहून घ्यावं, असा रोकडा विचार.

आमच्या वाईजवळच्या गावी आजोबांची अकरा एकर होती. आज सातबाऱ्यावर एकोणीस नावं आहेत आणि बांधावरून दोन भाऊ बोलत नाहीत. त्यामुळे मला आधी वाटलं, वा, काय शहाणे लोक! मग मनात आलं, बाकीच्या भावंडांचं काय झालं? त्याचं उत्तर संग्रहालयातच आहे. ती त्याच वाड्यावर गडी म्हणून राबली, पुष्कळशी बिनलग्नाची राहिली, कुणी अमेरिकेला गेली, आणि कुणी लाकूड कोरत बसली. जमीन अखंड राहिली आणि भावंडं विखुरली. ती लाकूड कोरणारी माणसं मात्र पुढे फार लांब गेली.

*

लांब हिवाळा, हाताशी लाकूड, नावावर शेत नाही. घड्याळं इथे पिकली ती अशी. अठराव्या शतकापासून ब्लॅक फॉरेस्टच्या घराघरांत लाकडी दात्यांची घड्याळं होऊ लागली आणि फेरीवाले ती पाठीवरच्या लाकडी घोडीला बांधून इंग्लंड-रशियापर्यंत विकून येऊ लागले. पण त्या घड्याळांचा तोंडवळा आजच्यासारखा नव्हता. साधी रंगवलेली फळी, वर गुलाबाची फुलं.

मग ते छोट्या घरासारखं घड्याळ आलं कुठून? इथे रुळांचा संबंध येतो. 1850 साली बाडेनच्या सरकारने फुर्टवांगेन गावी घड्याळजींसाठी शाळा काढली आणि तिच्या प्रमुखपदी रोबेर्ट गेर्विग नावाच्या तरुण इंजिनिअरला बसवलं. धंदा मंदावला होता, बाहेरून स्वस्त माल येत होता. घड्याळाला नवं रूप सुचवा, असं गेर्विगने चित्रकारांना आणि वास्तुकारांना आवाहन केलं. आयझेनलोर या वास्तुकाराने आराखडा पाठवला. तो रेल्वेच्या इमारती करायचा. त्याने रुळांकडेच्या चौकीदाराच्या खोलीचं दर्शनी तोंड जसंच्या तसं घेतलं, त्यात तबकडी बसवली आणि कडेने वेल सोडली. झालं. जगभरच्या दिवाणखान्यांत ‘जर्मन खेड्यातलं घर’ म्हणून जे टांगलेलं आहे, ती फाटकवाल्याची खोली आहे! जर्मनमध्ये त्या घाटाचं नावही तेच सांगतं: ‘बानहॉइस्ले’, म्हणजे रेल्वेचं घरकुल. हरणाची शिंगं, ससे, देवदाराच्या बोंडांची वजनं ही कलाकुसर 1860 नंतर चढली.

फुर्टवांगेनच्या घड्याळ-संग्रहालयात आतली कळ बघायला मिळते. दोन छोटे भाते आणि दोन शिट्ट्या. एक भाता उचलून सोडला की ‘कुक्’, दुसरा किंचित खालच्या सुरात ‘कू’. पेटीचा भाता ज्याने मारलाय त्याला लगेच उमजेल. विकत घेणार असाल तर एवढंच बघा, वजनांवर चालणारं घ्या. सेलवरचा कोकीळ आवाज मोठा काढतो, पण तो चिपमधून.

हाच गेर्विग पुढे ब्लॅक फॉरेस्टची रेल्वे बांधायला निघाला. ऑफेनबुर्गहून डोंगर ओलांडून पलीकडे झिंगेनला जाणारी, सुमारे दीडशे किलोमीटरची. शेवटचा, सगळ्यात अवघड टप्पा 1873 साली सुरू झाला. आता घाटातल्या रेल्वेचं आपल्याला कौतुक ते काय सांगायचं. दहा वर्षं आधी, 1863 साली, आपल्या बोरघाटात गाडी चढली होती. पण चढ फार आणि जागा अपुरी, म्हणून तिथे खंडाळ्याजवळ गाडी थांबवून, इंजिनाचं टोक बदलून उलट्या दिशेने वर न्यावी लागे. गेर्विगने ते टाळलं. त्याने रूळच दरीत वळवले. होर्नबेर्ग आणि झांक्ट गेओर्गेन यांच्यात सरळ अंतर 11 किलोमीटर. रुळांवरून ते 26 भरतं. बोगद्यात शिरलेली गाडी वळसा घेऊन बाहेर येते तेव्हा मघाचेच रूळ खाली दिसतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा, आणखी खाली. सगळ्या मार्गावर 39 बोगदे, बहुतेक याच टापूत. बोरघाटातला चढ सदतिसास एक, हा पन्नासास एक. चढ सौम्य ठेवण्यासाठी अंतर वाढवायचं, हे बैलगाडीवाल्यालाही ठाऊक असतं, पण ते पोटातून डोंगर पोखरत करायचं म्हणजे वेगळंच.

आम्ही डावीकडच्या खिडकीत बसलो आणि मी बोगदे मोजायला लागले. चौदापर्यंत मोजले. मग समोरच्या बाकावरच्या आजोबांनी सफरचंदाची फोड पुढे केली आणि हिशेब सुटला.

*

ट्रीबेर्गला उतरायचं ते धबधब्यासाठी. सात टप्प्यांत मिळून 163 मीटर पडतो, जर्मनीतल्या उंच धबधब्यांत त्याची गणना होते, आणि बघायला तिकीट आहे. श्रावणात ठोसेघर किंवा आंबोली बघितलेल्या माणसाने इथे तोंड आवरावं. सांगायचं ते एवढंच, की तिकिटाच्या खिडकीवर शेंगदाण्याच्या पुड्याही मिळतात आणि त्या माणसांसाठी नसतात, खारींसाठी असतात. खारी धिटाईने बुटावर चढून येतात. या पाण्यावर वीज करून ट्रीबेर्गने 1884 सालीच रस्त्यावर विजेचे दिवे लावले होते. हेमिंग्वे 1922 मध्ये इथे ट्राउट मासे धरायला आला आणि पुढे किलिमांजारोवरच्या त्या प्रसिद्ध कथेत त्याने हे गाव आठवणीतून आणलं. धबधब्यापुढच्या रस्त्यावर मात्र घड्याळांची दुकानं एकमेकांच्या अंगावर रेलून उभी आहेत. दर तासाला सगळे कोकीळ एकदम ओरडतात. नेमक्या बाराला तिथे उभं राहू नये.

होर्नबेर्ग त्या मानाने आतिथ्यशील. या गावाची एक फजिती सबंध जर्मनीत प्रसिद्ध आहे. सांगतात ते असं, की 1564 साली व्युर्टेम्बेर्गचा ड्यूक यायचा होता. तोफांची सलामी ठरली. लांबून धुरळा दिसला, बार काढले. ती निघाली टपालगाडी. पुन्हा धुरळा, पुन्हा बार. तो निघाला फेरीवाला. तिसऱ्यांदा गुरांचा कळप. खरोखरचा ड्यूक आला तेव्हा दारू संपलेली, मग गावकऱ्यांनी तोंडानेच ‘ठो ठो’ केलं. एखाद्या गोष्टीचा गाजावाजा होऊन शेवटी काहीच हाती लागलं नाही, की आजही जर्मन माणूस म्हणतो, होर्नबेर्गच्या बारासारखं झालं. गावाने याची लाज धरली नाही; 1955 पासून उन्हाळ्यात गावकरी त्याचं नाटक करतात, उघड्यावर, तिकीट लावून. नाक कापलं गेलं तर त्याचंच प्रदर्शन मांडावं, हे शहाणपण सगळ्यांना जमत नाही.

गूटाखमध्ये डोंगरउतारावर एक घसरगाडी आहे. आडव्या रुळावर छोटी गाडी, हाताशी दांडा, दांडा ओढला की ब्रेक. भाचीने मला बसवलं. मी दांडा शेवटपर्यंत सोडला नाही. माझ्यामागे सात-आठ वर्षांचा एक पोरगा होता, तो सगळा उतार माझ्या नावाने काहीतरी ओरडत आला. जर्मन येत नसल्याचा मला तेवढ्यापुरता आनंद झाला.

*

या मुलखात खरं करायचं ते चालणं. बघायची ठिकाणं ही चालण्याच्या वाटेत लागली तर बघायची.

1864 साली फ्रायबुर्गमध्ये श्वार्त्सवाल्डफेराइन नावाचा संघ स्थापन झाला, जर्मनीतला या प्रकारचा पहिला. चालणाऱ्यांनी चालणाऱ्यांसाठी वाटा आखायच्या, खुणा लावायच्या आणि त्या राखायच्या, हे त्याचं काम. 1900 साली त्यांनी प्फोर्त्सहाइमपासून बाझेलपर्यंत, सुमारे 285 किलोमीटरची ‘वेस्टवेग’ ही वाट आखली. तिची खूण लाल चौकट, शंकरपाळ्याच्या आकाराची. आज संघाच्या खुणांचं जाळं 24,000 किलोमीटरच्या आसपास आहे. लाल शंकरपाळे लांबच्या वाटांचे, निळे मधल्या पल्ल्याचे, पिवळे गावाभोवतीच्या वाटांचे. प्रत्येक फाट्यावर खांब, खांबावर त्या जागेचं नाव आणि समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि पुढच्या ठिकाणांची अंतरं.

वेस्टवेग गूटाखच्या पश्चिमेच्या धारेवरून जाते. आम्ही हाउझाखहून फारेनकोप्फ चढायचं ठरवलं. उंची 789 मीटर. सिंहगड तेराशेच्या वर, तेव्हा मी मनातल्या मनात हसले. अर्ध्या तासाने हसू गेलं. हाउझाख 240 मीटरवर आहे, म्हणजे चढ साडेपाचशेचा. सिंहगडाच्या पायवाटेच्या जवळपास तेवढाच. पायाखाली पानांचा गादीसारखा थर, दोन्ही बाजूंना सरळसोट झाडं, आणि आवाज कसलाच नाही. झेंडे, गाणी, भज्यांचा वास, काही नाही. पिठलं-भाकरीची आठवण फार झाली, हे लपवत नाही.

तासाभराने एका फाट्यावर मी लाल खुणेऐवजी पिवळी धरली आणि आम्ही उतरत उतरत कुणाच्या तरी अंगणात पोचलो. तिथे भिंतीशी खोदलेल्या लाकडी कुंडात झऱ्याचं पाणी पडत होतं. त्यात सफरचंदाच्या रसाच्या आणि घरच्या चेरीच्या दारूच्या बाटल्या गार होत ठेवल्या होत्या. शेजारी दरपत्रक आणि पत्र्याची पेटी. माणूस नाही. आपणच घ्यायचं, आपणच पैसे टाकायचे. भाचीने नाणी टाकली. मी पेटीला कुलूप आहे का तेवढं बघून घेतलं. होतं, पण चिमुकलं, पोरांच्या डायरीला असतं तसं.

पुन्हा वर आलो तर तोच फाटा, आणि खांबापाशी एक गृहस्थ खुणेची पाटी ओल्या फडक्याने पुसत होते. पाठीवरच्या पिशवीतून छोटी करवत डोकावत होती. ते संघाचे वाटराखे, बिनपगारी. आपापल्या हद्दीतली वाट वर्षातून ठरलेल्या वेळी चालून बघायची, शेवाळ काढायचं, आडवी आलेली फांदी कापायची, निघालेली पाटी ठोकायची. मी चुकल्याचं भाचीने सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. जिथून मला लाल खूण दिसायला हवी होती तिथे जाऊन उभे राहिले, डोकं तिरकं करून पाहिलं, परत आले, आणि खुणेवर आलेली बीचची डहाळी कापून टाकली. चूक माझी नसून डहाळीची होती, असा तो निकाल. एवढा न्याय मला सरकारी कचेरीत कधी मिळालेला नाही.

त्यांच्याकडून दोन गोष्टी कळल्या. एक, जर्मन कायद्याने विरंगुळ्यासाठी रानात जायचा हक्क सगळ्यांना आहे, रान खासगी मालकीचं असलं तरीही. घरापुरती भूछत्रं आणि बोरं वेचता येतात. पोतं भरून नेता येत नाहीत. दुसरी, या राज्यात सायकल मात्र दोन मीटरपेक्षा अरुंद रानवाटेवर नेता येत नाही. या दोन मीटरवरून चालणारे आणि सायकलवाले यांच्यात वर्षानुवर्षं तेढ आहे. हे सांगत असतानाच एक सायकलस्वार धापा टाकत वर आला. वाट जेमतेम हातभर रुंद. दोघांनी एकमेकांना अगदी अदबीने ‘ग्र्यूस गॉट’ म्हटलं, म्हणजे आपलं रामराम. तो गेल्यावर वाटराख्यांनी करवतीच्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि पिशवी उचलली.

माथ्यावर चालणाऱ्यांसाठी एक झोपडी आहे. हाझेमान या चित्रकाराच्या नावाची. तिथे बसून डबा उघडला आणि खाली गूटाखचं खोरं पसरलेलं दिसलं: हिरवं, उघडं, मधे ठिपक्यांसारखी घरं. हे उघडं असणं आपोआप नाही. कुरणात गुरं चरणं थांबलं आणि कापणी बंद पडली की काही वर्षांत रान खाली उतरतं आणि दरी मिटून जाते. तिरक्या उतारावर गवत कापण्याचा खर्च निघत नाही, म्हणून सरकार त्यासाठी शेतकऱ्याला पैसे देतं. आणि जे रान अनादी वाटतं तेही लावलेलं. घरांना, काचभट्ट्यांना, कोळशाला लाकूड. त्यावर किन्त्सिग नदीतून ओंडक्यांचे लांबच लांब तराफे करून हॉलंडच्या जहाजांसाठी पाठवलेलं लाकूड. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुष्कळ डोंगर बोडके झाले होते. मग लवकर वाढतं म्हणून स्प्रूस रांगांनी लावलं. अलीकडच्या कोरड्या उन्हाळ्यांत सालकिड्याने तेच पोखरलंय; वाटेत तपकिरी झाडांचे पट्टे दिसतात, आणि त्यांच्या जागी बीच, सिल्व्हर फर अशी मिसळ लावणं चाललंय.

घर उचलून आणलेलं, घड्याळ रेल्वेचं, रान लावलेलं. आणि केक? जोसेफ केलर नावाच्या मिठाईवाल्याने तो आपण 1915 साली पहिल्यांदा केल्याचा दावा केला, पण तोही ब्लॅक फॉरेस्टमध्ये नव्हे, दूर बॉनजवळच्या बाड गोडेसबेर्गला. इथला केक खाल्ला. चेरीच्या दारूचा झणका नाकापर्यंत जातो. पुण्यातला वाढदिवसाचा केक त्याच्यापुढे शाळकरी. मला मात्र त्याहून भावला तो ‘बिबेलेसकेस’. नावाला चीज, पण हा शुद्ध चक्का आहे हो! साखरेऐवजी मीठ आणि कांद्याची पात घातलेला, सोबत परतलेले बटाटे. दोनदा मागवला.

*

आता टोपी. गावात छोटंसं चित्रसंग्रहालय आहे, त्यात उलगडा झाला. एल्ब नदीकाठच्या गावचा विल्हेल्म हाझेमान 1880 साली गूटाखला आला तो एका कामापुरता: आउअरबाख या लेखकाच्या कथेसाठी त्याला खेड्याची चित्रं हवी होती. त्याला ही टोपी दिसली. तो इथेच राहिला, इथेच 1913 साली वारला. पाठोपाठ कुर्ट लीबिख आणि इतर चित्रकार आले. त्यांची चित्रं छापली गेली, पोस्टकार्डं झाली. 1917 साली बर्लिनमध्ये लेऑन येसेलची ‘श्वार्त्सवाल्डमेडेल’ ही संगीतिका रंगमंचावर आली आणि ब्लॅक फॉरेस्टची मुलगी घराघरांत पोचली. येसेल जन्माने ज्यू. 1941 मध्ये गेस्टापोने त्याला धरून नेलं, आणि तिथल्या छळाने जानेवारी 1942 मध्ये तो मेला. आठ वर्षांनी, 1950 साली, त्याच संगीतिकेवरचा रंगीत चित्रपट पडद्यावर आला. पडझड झालेल्या देशाने हिरव्या डोंगरातली लाल टोपी डोळे भरून पाहिली. ती मग अख्ख्या मुलखाची झाली.

शेवटच्या संध्याकाळी हे सगळं मी भाचीकरवी मालकीणबाईंना सांगितलं, म्हणजे त्यांच्याच गावाचं त्यांनाच. त्यांनी शांतपणे ऐकलं, आत गेल्या आणि कपाटावरून दोन गोल डबे खाली घेऊन आल्या. झाकण उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. आईच्या शालूच्या ट्रंकेत यायचा, तोच.

पहिल्या डब्यात लाल टोपी. चौदा गोंडे, पण दिसतात अकराच. तीन बाकीच्यांच्या खाली झाकलेले. जवळून बघितलं तर लोकर इतकी घट्ट बांधून कातरलेली की गोंडा मखमलीसारखा लागतो. खालची टोपी गवताची, तिच्यावर चुन्या-गिलाव्याचा लेप देऊन ती कडक केलेली. बाईंनी ती माझ्या हातात दिली. दीड-दोन किलो सहज. ही टोपी मुलगी पहिल्यांदा घालते ती चर्चमधल्या दृढीकरणाच्या दिवशी, आत काळ्या रेशमाची टोपडी हनुवटीखाली बांधून. त्यांनी मानेला हात लावून दाखवला: दोन तासांनी दुखतं.

दुसऱ्या डब्यातली तशीच, पण गोंडे काळे. लाल कुमारिकेची, काळी लग्न झालेल्या बाईची. भाचीने मोबाईल काढला आणि विचारलं, घालून बघू? बाईंनी तिच्या मंगळसूत्राकडे पाहिलं. त्याचा अर्थ त्यांना पहिल्याच दिवशी तिने सांगितला होता. त्यांनी लालचं झाकण लावलं आणि काळी पुढे केली. भाचीचं तोंड किंचित उतरलं. लाल मिळेल असं तिने धरलं होतं.

बाई हसल्या. म्हणाल्या, सणाच्या मिरवणुकीतही असंच होतं. बाहेरून आलेले सगळे कॅमेरे लाल टोप्यांच्या मागे धावतात, त्या पोरींना चार पावलं धड चालू देत नाहीत. काळ्या टोप्यांकडे कुणी बघत नाही. आम्ही आपल्या मागून, गप्पा मारत, निवांत चालतो.